बाहेरचा रंग आणि लाकडी डेकचं स्टेन : कारागीर नेमताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंग दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळीच कामं सारखी दिसतात. कोणतं चांगलं होतं ते दोन पावसाळे गेल्यावर कळतं, आणि ते ठरतं रंगाखाली काय केलं होतं त्यावर. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख तिकडेच आहे : रंग चढल्यावर जे झाकलं जाणार, ते आधी कसं ठरवून घ्यायचं आणि झाकण्याआधी कसं बघायचं.

हे काम घरच्या घरी होणार नाही का?

जमिनीलगतचा लहान डेक (घराला लागून उघड्यावर बांधलेला लाकडी फळ्यांचा ओटा), चार पायऱ्या, एखादा कठडा एवढंच असेल तर खुशाल करा. गुडघे आणि धीर शाबूत असले म्हणजे झालं. पण पहिल्या मजल्याच्या वरची भिंत स्वतः रंगवायला जाऊ नये. ब्रश फिरवणं कुणालाही जमतं. शिडीवर तोल सांभाळत जुना पोपडा खरवडणं जमत नाही, आणि घात तिथेच होतो. धुणं, घासणं, भेगा भरणं कारागिराकडून करून घ्यायचं आणि हाताला लागणारा भाग स्वतः रंगवायचा, असा मधला मार्गही काही जण काढतात. मात्र पुढे रंग उकलला तर दोष कुणाचा, हा वाद मग ठरलेला. तेव्हा हमीची अपेक्षा ठेवू नका.

डेक आणि भिंती दोन्ही एकाच माणसाला द्याव्यात का?

हरकत नाही, पण दोन्ही येतं का ते वेगवेगळं तपासा. भिंतीचा रंग वर थर धरून बसतो, डेकचं स्टेन, म्हणजे लाकडाला लावायचा पातळ रंग, लाकडात मुरावं लागतं. भिंतीवरून पाणी ओघळून जातं. डेकवर ते साचतं, ऊन थेट पडतं, शिवाय पायांची आणि खुर्च्यांची घासाघीस रोजची. भिंती रंगवण्यात आयुष्य गेलेला माणूस सवयीने डेकवरही जाड थर चढवतो. सुरुवातीला तो झकास दिसतो. मग फळीत खालून ओल शिरते, थर उचलला जातो, आणि तो अर्धवट उकललेला थर काढणं हे नव्या कामापेक्षा जिकिरीचं होऊन बसतं.

पारखायला एकच प्रश्न पुरतो : ‘न मुरलेलं जादा स्टेन तुम्ही काय करता?’ ‘फडक्याने पुसून घेतो’ असं चटकन उत्तर आलं, तर माणसाने डेक केलेले आहेत. ‘सुकू देतो, चमक येते’ म्हणाला, तर त्याला भिंतीच द्या.

चांगला कारागीर शोधायचा कुठे?

ज्यांचं घर तीन-चार वर्षांपूर्वी रंगवून झालंय अशा ओळखीच्यांना विचारा. गेल्या महिन्यात काम झालेल्या माणसाची शिफारस मला तरी अर्धीच वाटते. त्याला अजून स्वतःलाच काही कळलेलं नसतं. सुतार, गवंडी, छताची कामं करणारे यांच्याकडूनही नावं मिळतात, आणि ती बहुधा बरी असतात, कारण रंगाऱ्याने कुठे लपवाछपवी केली ते या मंडळींना पुढे उघडं पडलेलं दिसतं. इंटरनेटवरचे तारे मोजण्यापेक्षा तक्रारी वाचा, आणि तक्रारीनंतर तो माणूस परत आला का, ते बघा.

जवळपासचाच माणूस घ्यावा, यामागे भावनेचा भाग कमी आणि सोयीचा जास्त आहे. त्याला त्या भागातलं ऊन-पाऊस कोणत्या बाजूने झोडपतं ते माहीत असतं, आधी केलेली कामं दाखवायला जवळ असतात, आणि वर्षभराने एखादा कोपरा उकलला तर दुरुस्तीला येणं त्याला परवडतं.

जुनी कामं दाखवली, तर त्यात बघायचं काय?

समोरची भिंत बघू नका, ती सगळ्यांचीच चांगली असते. दुपारचं ऊन खाणारी बाजू बघा. तिच्यावरून तळहात फिरवा. हाताला खडूसारखी भुकटी लागली, तर रंग उन्हाने झिजायला लागलाय. थोडी भुकटी जुन्या रंगाला लागतेच, पण दोन-तीन वर्षांत पंजा पांढरा होत असेल तर रंग हलका होता किंवा फार पातळ करून मारला होता. मग खिडकीच्या खालच्या पट्टीची कड वाकून बघा. पावसाचं पाणी तिथे लोंबकळून राहतं, आणि आळशी माणसाचा ब्रश नेमका तिथेच पोहोचत नाही. भिंत जमिनीला टेकते ती वीतभर पट्टी, पाइपाच्या मागची बाजू, दाराची वरची कड, हेही तसंच.

डेकवर फळ्यांची टोकं बघा. लाकडाच्या नळ्या त्या टोकाला उघड्या असतात, त्यामुळे फळीच्या सपाट बाजूपेक्षा टोकाकडून पाणी कितीतरी वेगाने आत जातं. टोकं राखाडी, चिरफाळलेली आणि फळीचा मधला भाग ठीक, असं दिसलं तर कारागिराने वरवर रोलर फिरवून पोबारा केलाय. टोकं नीट भिजवलेली असली, तर तुमचं काम झालं. माणूस मिळाला.

कारागीर जागा बघायला येतो तेव्हा त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी?

फाटकातूनच घराकडे बघून आकडा सांगणाऱ्याला चहापाणी करून वाटेला लावा. नीट बघणारा माणूस भिंतीवर बोटाची पेरं वाजवत फिरतो; पोकळ आवाज आला की तिथे खूण करतो. फुगलेला पोपडा नखाने उचलून त्याच्या पाठीला काय चिकटलंय ते बघतो : नुसता रंगच सुटला, की खालची पुट्टी किंवा प्लास्टरही सोबत आलं? डेकवर तो खाली वाकून बघतो, आणि खांब जमिनीत जातो तिथे, पायरीच्या सांध्यात, डेक घराला जोडला आहे त्या आडव्या तुळईत पेचकस टोचून बघतो. पेचकस लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर तिथे रंगाऱ्याचं काम नाही, सुताराचं आहे. कुजलेल्या लाकडावर स्टेन लावून घेतलं तर डेक फक्त दिसायला धडधाकट होतो, आणि त्यावर माणसं उभी राहणार असतात.

ओल कुठून येते हे त्याने विचारलं पाहिजे. गळका पाइप, तुंबलेली पन्हळ, गच्चीचा फुटका कठडा यातलं काही असेल, तर ते आधी दुरुस्त व्हायला हवं. ओलीवर कितीही भारी रंग चढवला तरी ती त्याला ढकलून बाहेर येते.

तीन जणांकडून भाव मागवले, तिघांचे आकडे भलतेच वेगळे आले. खरा कोणाचा?

बहुधा तिघंही खरं बोलतायत, फक्त तीन वेगवेगळ्या कामांचे भाव सांगतायत. एकाने धुणं आणि रंगाचे दोन हात (थर) धरले, दुसऱ्याने खरवडणं, भेगा भरणं, प्राइमर (रंगाखाली द्यायचा पहिला थर) आणि दोन हात, तिसऱ्याने परांचीसुद्धा. म्हणून आपणच एका कागदावर काम लिहून काढायचं आणि तिघांना तोच कागद द्यायचा.

क्षेत्रफळ कसं मोजलं तेही विचारा. कोणी दारं-खिडक्यांची जागा वजा करतो, कोणी करत नाही. छज्ज्याची खालची बाजू, कठड्याचे गज, पायऱ्यांची उभी तोंडं कोणी धरतो, कोणी ‘जादा काम’ म्हणून शेवटी लावतो. दोन्ही पद्धती चालतात. ठरलेली कोणती, ते लिहिलेलं असावं. मोजमाप स्वतः टेप लावून एकदा करून ठेवा.

सगळ्यात स्वस्त भाव आला की त्याला विचारा, ‘तयारीला किती माणसं, किती दिवस?’ तयारीत दिवस वाचवल्याशिवाय भाव फारसा खाली येत नाही. अर्थात सगळ्यात महागडा म्हणजे सगळ्यात चांगला, असंही काही नाही.

साहित्य आपण आणून द्यावं की साहित्यासह ठेका द्यावा?

साहित्यासह दिलं की जबाबदारी एकाची राहते. रंग उकलला तर ‘तुम्ही आणलेला रंगच खराब होता’ म्हणायची सोय उरत नाही. धोका असा की ठरलेला रंग दाखवून हलका वापरला जाऊ शकतो. म्हणून कंपनीचं नावच काय, उत्पादनाचं पूर्ण नाव लिहून घ्या. एकाच कंपनीचे बाहेरच्या भिंतीचे चार दर्जांचे रंग असतात आणि डबे लांबून सारखेच दिसतात. डबे सीलबंद यावेत, तुमच्यासमोर उघडावेत, रिकामे डबे काम संपेपर्यंत एका कोपऱ्यात ठेवावेत.

आणि हिशोब करा. बाहेरचा ॲक्रिलिक रंग गुळगुळीत भिंतीवर एका हाताला लिटरमागे साधारण १० चौरस मीटर जातो. खडबडीत भिंतीवर त्याहून कमी. नेमका आकडा डब्यावर असतो. २०० चौरस मीटर भिंत, दोन हात, म्हणजे ४० लिटर. २० लिटरमध्ये काम उरकलं असेल, तर एक हात तुमच्या भिंतीवर नाही.

रंगाचे किती हात हवेत?

प्राइमर आणि वर दोन हात हे सर्वसाधारण माप. पण हातांची संख्या फसवी असते. पाणी घालून मारलेले तीन हात दोन चांगल्या हातांची बरोबरी करत नाहीत. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला की ओला थर बरोबर १०० मायक्रॉनचा होतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रंगात घन भाग आकारमानाने ४० टक्के असेल, तर पाणी उडून गेल्यावर मागे ४० मायक्रॉन राहतात. तेवढीच काय ती तुमच्या आणि पावसाच्या मधली भिंत. त्यात ठरल्यापेक्षा जास्त पाणी मिसळलं की ओला थर तेवढाच दिसतो आणि सुकल्यावर विरळ होतो. किती पाणी घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, ते वाचा आणि मिसळताना एकदा हजर राहा.

फिकट रंगावर गडद किंवा गडदावर फिकट चढवायचा असेल, तर तिसरा हात लागू शकतो. हे आधीच बोलून घ्यावं.

डेकला कोणतं स्टेन घ्यावं, पारदर्शक की गडद?

लाकूड राखाडी पडतं ते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन त्या किरणांनी तुटतं आणि पावसाने धुऊन जातं. हे किरण अडवण्याचं काम मुख्यतः स्टेनमधली रंगद्रव्यं करतात. म्हणजे जितकं पारदर्शक, तितकं लाकूड सुंदर दिसणार आणि तितक्या लवकर पुन्हा लावावं लागणार. पूर्ण पारदर्शक स्टेन उघड्या डेकवर वर्षभरात फिकं पडलं तर आश्चर्य वाटायला नको. पूर्ण अपारदर्शक स्टेन ऊन सगळ्यात जास्त अडवतं, पण ते रंगासारखाच थर धरतं, म्हणून चालायच्या फळ्यांवर त्याचे पापुद्रे निघतात.

माझं मत विचाराल तर चालायच्या फळ्यांना अर्धपारदर्शक, आणि कठडा, खांब, पायऱ्यांची उभी तोंडं यांना हवं तर अपारदर्शक. अर्धपारदर्शक स्टेन उकलत नाही, झिजतं. त्यामुळे पुढच्या वेळी धुऊन, हलकं घासून वर नवा हात देता येतो. एकदा अपारदर्शक लावलं की मात्र परत लाकडाचे रेषे दाखवायचे असतील, तर सगळं खरवडून मूळ लाकडापर्यंत जावं लागतं. परतीची वाट अवघड आहे, तेव्हा हा निर्णय घाईत घेऊ नका. निवडलेलं स्टेन डेकच्याच एखाद्या आडोशाच्या फळीवर लावून बघायला सांगा. दुकानातल्या तुकड्यावर दिसणारी छटा तुमच्या लाकडावर तशीच येईल याचा भरवसा नाही.

नवा डेक बांधलाय. लगेच स्टेन लावायचं का?

लाकूड किती कोरडं आहे त्यावर. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून दाबाखाली रसायन मुरवलेलं लाकूड आतून ओलं असतं. ते सुकायला काही आठवडे ते काही महिने जाऊ शकतात. फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल मण्यासारखे उभे राहिले, तर थांबा. काही मिनिटांत जिरून फळीवर गडद ठिपका उरला, तर लाकूड स्टेन प्यायला तयार आहे. चांगल्या कारागिराकडे ओल मोजायचं छोटं यंत्रही असतं. १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला तर काम सुरू करायला हरकत नाही. रंध्यातून गेलेल्या नव्या फळीचा पृष्ठभाग कधी कधी दाबून गुळगुळीत झालेला असतो आणि कोरडी असूनही ती पाणी पीत नाही. तिला आधी हलकी घासणी लागते.

प्रेशर वॉशरने डेक धुतला तर लाकूड खराब होतं का?

होतं, चालवणारा अडाणी असेल तर. मऊ लाकडावर ५०० ते ६०० पीएसआयच्या (पाण्याच्या दाबाचं माप, यंत्रावर दिसतं) आसपास दाब पुरतो, आणि पाणी पंख्यासारखं पसरवणारं तोंड वापरून ते फळीपासून हातभर लांब ठेवायचं असतं. दाब वाढवून तोंड जवळ नेलं की लाकडाचे मऊ रेषे उखडतात, फळीवर केस उगवल्यासारखं दिसतं आणि झाडूने मारल्यासारखे पट्टे उमटतात. मग सगळा डेक घासावा लागतो.

खरं तर मळ काढायचं काम पाण्याच्या जोरापेक्षा रसायनाने करावं. सोडियम परकार्बोनेट असलेला क्लीनर लावून थोडा वेळ ओला ठेवायचा, ब्रशने घासायचा, धुवायचा. नंतर ऑक्झॅलिक ॲसिडचा हात दिला की राखाडीपणा आणि खिळ्यांभोवतीचे काळे डाग जातात. बाजारातलं साधं ब्लीच बुरशी मारतं, पण लाकडाचे तंतूही कमकुवत करतं. आणि ब्लीच कोणत्याही ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. कारागीर ही दोन्ही रसायनं एका बादलीत ओतताना दिसला तर तिथेच थांबवा.

धुतल्यावर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्यावेत. घासायला ६० ते ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. त्याहून बारीक कागदाने फळी तुळतुळीत केली की लाकडाची तोंडं बुजतात आणि स्टेन मुरत नाही.

नव्या प्लास्टरला किती दिवसांनी रंग द्यावा?

साधारण २८ दिवस. ताजं प्लास्टर फार अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ च्या वर असतो. घाईने तेलाचा रंग दिला तर तो चिकट होऊन सुटतो, आणि इतर रंगही ठिकठिकाणी फिका पडतो. ‘आम्ही आठ दिवसांत देतो, काही होत नाही’ म्हणणारे भेटतात. भिंतीवर पांढरा लोणा फुललेला दिसला तर तो कोरड्या ब्रशने झाडा, ओलीचं मूळ शोधा आणि अल्कलीला दाद न देणारा प्राइमर लिहून घ्या.

भेगा भरल्या, पण त्यावर रंगच बसत नाही. असं का?

बहुतेक सिलिकॉन वापरलंय. शुद्ध सिलिकॉनवर रंग धरत नाही. रंगवायच्या भेगांना ॲक्रिलिक किंवा रंग धरणारं दुसरं सीलंट हवं.

स्प्रेने मारलेला रंग कच्चा असतो का?

नाही. स्प्रे वेगाने रंग पोहोचवतो, एवढंच. तो भिंतीत दाबून बसवत नाही. खडबडीत भिंतीवर किंवा लाकडावर स्प्रे केल्याबरोबर मागून रोलर किंवा ब्रश फिरवला, तर काम उत्तम होतं. दोन माणसं लागतात, एक पुढे आणि एक मागे. एकटाच माणूस स्प्रे घेऊन भराभर पुढे चालला असेल तर विचारा. वाऱ्याच्या दिवशी स्प्रे नकोच, नाहीतर शेजाऱ्यांच्या गाडीवर ठिपके आणि आयुष्यभराचं वैर.

कोणत्या हवामानात काम करावं?

पाऊस नको हे सगळ्यांना माहीत असतं, कडक ऊन नको हे विसरलं जातं. तापलेल्या भिंतीवर रंग पसरायच्या आत सुकतो, सांध्यांचे पट्टे दिसतात. तापलेल्या फळीवर स्टेन मुरायच्या आत वरच्यावर सुकतं. म्हणून जाणता कारागीर सूर्याच्या मागे मागे सरकतो : सकाळी एक बाजू, ऊन तिथे आलं की दुसरी. बहुतेक रंगांना १० ते ३२ अंश सेल्सिअस मानवतं, नेमक्या मर्यादा डब्यावर असतात. संध्याकाळचं दव हा छुपा शत्रू आहे. भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या ओलीचं दव होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंशांनी वर असावं लागतं. सूर्य मावळताना मारलेल्या ॲक्रिलिकवर रात्री दव पडलं, तर सकाळी चिकट, तपकिरी ओघळ दिसतात.

हवामानामुळे काम दोन दिवस थांबलं, तर कारागिरावर चिडू नका. थांबणारा माणूस मिळाला हे भाग्य समजा.

घर जुनं आहे. जुना रंग खरवडताना काही धोका?

शिशाचा. जुन्या तैलरंगांत शिसं सर्रास असे. अमेरिकेत घरगुती रंगात त्याच्यावर १९७८ साली बंदी आली, आणि आज बऱ्याच देशांत ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आहे. पण भिंतीवरचे तळाचे थर त्याच्या आधीचे असू शकतात. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाण माहीत नाही. शंका असेल तर खरवडण्याआधी नमुना तपासून घ्या. शिसं निघालं तर कोरडी घासणी आणि ब्लो-टॉर्चने रंग जाळणं दोन्ही बंद. पृष्ठभाग ओला करून खरवडायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, खिडक्या लावून घ्यायच्या, कामगारांना चांगले मास्क द्यायचे, आणि गोळा झालेले पोपडे बागेत सोडायचे नाहीत. मुलं आणि गरोदर बाई घरात असतील, तर त्या दिवसांत त्यांनी दुसरीकडे राहावं.

विमा, परवाना, परांची हे मी का बघायचं? तो त्याचा प्रश्न नाही का?

माणूस तुमच्या घरावरून पडणार आहे, तेव्हा प्रश्न तुमचाही आहे. परवाना लागतो की नाही हे ठिकाणागणिक बदलतं, ते तिथल्या स्थानिक कार्यालयात विचारा. कामगारांचा अपघात विमा आणि तुमच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा यांची चालू कागदपत्रं मागा. ती नसतील तर अपघात झाल्यावर जबाबदारी तुमच्या गळ्यात येऊ शकते.

परांची मोकळ्या विटांच्या चवडीवर उभी असू नये, तिला कठडा असावा, उंचावरच्या माणसाला पट्टा असावा. शिडीचं साधं माप : चार हात उंचीला एक हात पाया बाहेर. घराजवळून विजेची तार जात असेल तर ती बंद किंवा झाकल्याशिवाय लोखंडी परांची उभी करू देऊ नका. यात घासाघीस करून वाचवलेले पैसे मला कधीच शहाणपणाचे वाटले नाहीत.

लेखी करार हवाच का? ओळखीचा माणूस आहे.

ओळखीचा आहे म्हणून तर हवा. वाद होऊन ओळख जाण्यापेक्षा एक पान लिहिलेलं बरं. त्यात कोणते भाग रंगवायचे आणि कोणते नाहीत, तयारी कुठपर्यंत, उत्पादनांची नावं आणि छटेचे क्रमांक, हात किती, कामाला सुरुवात आणि शेवट कधी, परांची कुणाची, रोजची साफसफाई कुणाची, एवढं आलं पाहिजे. ‘आवश्यक ती तयारी करू’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी ‘सुटलेला रंग घट्ट कडेपर्यंत खरवडून, कडा घासून समपातळीत आणून, उघड्या जागी प्राइमर देऊन’ असं लिहा. काम सुरू झाल्यावर कुजलेली फळी किंवा पोकळ प्लास्टर निघणं अगदी शक्य आहे. त्याचा दर फळीमागे किंवा चौरस मीटरमागे आधीच ठरवून ठेवा, आणि तुमच्या होकाराशिवाय जादा काम नाही, हेही.

पैसे कसे द्यावेत?

सुरुवातीला साहित्यापुरती उचल, मग टप्प्याटप्प्याने. टप्पे दिवसांवर बांधू नका, कामावर बांधा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हप्ता तयारी संपल्यावरचा असावा : धुऊन, खरवडून, भरून, घासून भिंत आणि डेक उघडा पडलेला असताना दोघांनी मिळून फिरून बघायचं, फोटो काढायचे, मग पैसे आणि मग प्राइमर. ही एक अट घातली की कारागिराची तयारीकडे बघायची दृष्टीच बदलते, कारण तिला आता स्वतंत्र मोल आलेलं असतं. शेवटचा दहाएक टक्क्यांचा हप्ता अंतिम पाहणीपर्यंत हातात ठेवा. आणि ठरल्याप्रमाणे काम झालं की एक दिवसही अडवून ठेवू नका; त्याच्याही हाताखालच्या माणसांना मजुरी द्यायची असते.

दहा वर्षांची हमी म्हणतात ती खरी असते का?

डब्यावरची हमी कंपनीची, रंगापुरती. मजुरी बहुधा त्यात नसते आणि तयारी सांगितल्याप्रमाणे झाली नसेल तर तीही गळून पडते. तुम्हाला हवी ती कारागिराची लेखी हमी : पोपडे निघाले, फुगे आले तर ठरावीक मुदतीत येऊन स्वखर्चाने दुरुस्त करीन. भिंतींसाठी दोन वर्षं मागणं रास्त आहे. डेकच्या चालायच्या फळ्यांसाठी कोणी पाच वर्षांची हमी देऊ लागला, तर मी त्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही जरा संशयाने बघेन.

काम चालू असताना रोज उभं राहावं लागतं का?

नाही, आणि राहूही नये. डोक्यावर बसलेल्या माणसासमोर कुणालाच नीट काम सुचत नाही. तीन वेळा मात्र हजर राहा : तयारी संपताना, डबे उघडून रंग मिसळताना आणि पहिला हात सुकल्यावर. दोन हातांच्या छटेत अगदी किंचित फरक ठेवायला सांगितला, तर दुसरा हात कुठे चुकला ते आपोआप दिसतं. एकाच छटेच्या डब्यांतही थोडा फरक पडतो, म्हणून सगळे डबे मोठ्या पिंपात एकत्र करून मग वापरायला सांगा, निदान एका भिंतीपुरते तरी.

स्टेन पुसलेली फडकी कोपऱ्यात टाकली तर चालतील का?

अजिबात नाही. जवसाच्या तेलासारखं सुकणारं तेल असलेलं स्टेन हवेतला प्राणवायू घेत सुकतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. फडकी चुरगाळून ढिगात टाकली की ती उष्णता आत कोंडते आणि कुणी काडी न लावता ढीग पेट घेतो. दिवसाचं काम आटोपून सगळे गेल्यावर हे घडतं, म्हणून जास्त घातक. फडकी बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून कडक वाळू द्यायची, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. दिवस संपताना फडकी कुठे गेली, हे कारागिराला रोज विचारा.

झाडं आणि बागेचं काय?

धुण्याआधी झाडांवर साधं पाणी मारून ठेवायचं, रसायन वापरताना झाकायची, संपल्याबरोबर उघडून पुन्हा धुवायची. दिवसभर प्लॅस्टिकखाली ठेवली तर रसायनाआधी उकाड्यानेच मरतील.

काम संपलं. शेवटची पाहणी कशी करायची?

सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. दुपारी सगळं एकसारखं दिसतं. तिरप्या उजेडात रोलरचे पट्टे, पुट्टीचे उंचवटे, राहिलेले ठिपके उठून दिसतात. हातात कागदी चिकटपट्टीचे तुकडे घ्या आणि जिथे काही खुपेल तिथे लावत चला, मग कारागिराबरोबर तीच फेरी पुन्हा मारा. खिडक्या उघडून बघा, रंगाने चिकटून बसलेल्या असतात. डेकवर अनवाणी चाला : दोन-तीन दिवसांनंतरही पायाला चिकटत असेल, तर जादा स्टेन पुसलेलं नाही. फळ्यांची टोकं पुन्हा एकदा बघा.

पुन्हा केव्हा करावं लागेल?

डेकला तारखेवर जाऊ नका, पाण्याच्या त्याच चार थेंबांना विचारा. थेंब लगेच जिरायला लागले की वेळ झाली. लाकूड राखाडी पडायच्या आत हात दिला तर धुणं आणि एक हात एवढ्यावर भागतं. भिंतींचं, वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर घराभोवती चक्कर मारून भेगा आणि फुगे टिपून ठेवा; चार ठिकाणची डागडुजी वेळेवर केली तर पूर्ण रंगकाम लांबतं. ऊन खाणारी बाजू इतर तिन्ही बाजूंच्या आधी जाणार, तेवढी एकच रंगवून घेतली तरी चालतं. भडक लाल-पिवळ्या छटा बहुधा आधी विटतात, गेरूसारख्या मातकट छटा टिकतात, हे पुढच्या वेळी छटा निवडताना लक्षात असू द्या.

उरलेल्या रंगाचं काय करायचं?

प्रत्येक छटेचा लिटरभर रंग घट्ट झाकणाच्या लहान डब्यात भरून ठेवायला सांगा. मोठ्या डब्यात थोडासा रंग राहिला की तो लवकर सुकतो. डब्यावर उत्पादनाचं नाव, छटेचा क्रमांक, तारीख आणि कोणत्या भिंतीचा ते लिहून ठेवा. पाण्याचा रंग गोठू देऊ नका, एकदा गोठला की तो फाटतो. बाकीचा रंग गटारात किंवा मातीत ओतायचा नाही; तुमच्याकडे घातक कचरा कुठे घेतात ते विचारून तिथे द्या, आणि ते काम कारागिराचं असेल तर करारातच तसं लिहून ठेवा.